जरा दम खा! फुप्फुसांच्या दुनियेतले भन्नाट किस्से

एक दीर्घ श्वास घ्या. घेतला? आता सोडा. अभिनंदन! दिवसभरातल्या साधारण वीस हजार श्वासांपैकी एक तरी तुम्ही लक्ष देऊन घेतलात. बाकीचे आपले ऑटो-पायलटवर.

माहीत आहे का, तुमच्या छातीत सुमारे 48 कोटी फुगे आहेत? डॉक्टर त्यांना वायुकोश म्हणतात. सगळे उलगडून जमिनीवर अंथरले तर एक ऐसपैस टू-बीएचके झाकला जाईल. तोही बिनाईएमआय!

या फुग्यांचा आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या नळ्यांचा जुनाट आजार म्हणजे सीओपीडी. नाव ऐकून एखादं सरकारी खातं वाटतं, पण प्रकरण गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार 2021 मध्ये या आजाराने जगात सुमारे 35 लाख माणसं गेली. मृत्यूच्या कारणांच्या यादीत नंबर चौथा! एवढा मोठा खेळाडू, पण बाकीच्यांच्या मानाने पब्लिसिटी शून्य.

आता पहिला ट्विस्ट. दम लागलेल्या माणसाला वाटतं, हवा आत जात नाहीये. खरी गोम उलटी असते: हवा बाहेर पडत नाहीये! दादर स्टेशनवरची लोकल आठवा. आतले उतरलेच नाहीत तर बाहेरचे चढणार कुठून? सीओपीडीच्या फुप्फुसात जुनी हवा दारातच ठाण मांडून बसते. म्हणून ओठांचा चंबू करून, शीळ घालतो तसा सावकाश श्वास सोडायला शिकवतात. थोडक्यात, आधी उतरू द्या!

हवा किती आणि किती वेगात बाहेर पडते, हे मोजायचं यंत्र म्हणजे स्पायरोमीटर. ते गाजवलं जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने, 1846 मध्ये. गडी भारीच हौशी. दोन हजारांहून जास्त लोकांना त्याने फुंकायला लावलं. कोण कोण होतं त्यात? खलाशी, पोलीस, आगीचे बंबवाले, छापखान्यातले जुळारी, कुस्तीगीर, 'जंटलमन', भिकारी... आणि चक्क राक्षसी उंचीचे आणि बुटके लोकसुद्धा! निष्कर्ष काय निघाला? जितकी उंची जास्त, तितकी फुंकर मोठी. विमा कंपन्यांनी पॉलिसी देण्याआधी माणसाला फुंकायला लावावं, अशी आयडियाही त्याने मांडली. पुढे हा पठ्ठ्या सगळं सोडून ऑस्ट्रेलियात सोन्याच्या खाणींच्या मुलखात गेला आणि 1861 मध्ये फिजी बेटांवर वारला. चरित्रपट निघायला हवा, नाही का?

आजची टेस्ट कशी असते, माहीत आहे का? टेक्निशियन तुमच्या कानाशी क्रिकेट कोचसारखा ओरडतो, "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून!" फुंकलेल्या एकूण हवेतली पहिल्या सेकंदात किती बाहेर आली, ते बघतात. औषधाचा पफ दिल्यानंतरही हा हिस्सा सत्तर टक्क्यांच्या खाली राहिला, तर सीओपीडीची घंटा वाजते. सगळी गंमत त्या एका सेकंदाची!

यंत्र नसेल तर? 1959 मध्ये एक जुगाडू चाचणी आली होती. तोंड सताड उघडं ठेवायचं, ओठ आवळायचे नाहीत आणि सहा इंचांवरची जळती काडी विझवून दाखवायची. नाही विझली, तर नळ्यांत काहीतरी अडलंय. (वाढदिवसाच्या केकवर हा प्रयोग करू नका, बाकीच्यांना केक खायचा असतो.)

आता जरा फ्लॅशबॅक. डिसेंबर 1952, लंडन. धुकं आणि कोळशाचा धूर यांची अशी काही युती झाली की पाच दिवस हात समोर धरला तरी दिसेना. धूर थेट थिएटरात घुसला आणि सॅडलर्स वेल्समधला ऑपेरा पहिल्या अंकानंतर बंद करावा लागला. हजारो माणसं मेली. छातीच्या जुनाट आजारांकडे ब्रिटिश संशोधकांनी डोळे वटारून बघायला सुरुवात केली, त्यात या धुराचा वाटा मोठा.

त्या संशोधकांतला हिरो म्हणजे चार्ल्स फ्लेचर. आणि आता सीट बेल्ट बांधा, कारण या एका माणसाची बायोडेटा-शीट तीन माणसांना पुरेल. 1941 मध्ये ऑक्सफर्डला एका आजारी पोलिसाला जगप्रसिद्ध पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं गेलं, ते टोचणारा तरुण डॉक्टर हाच! औषध इतकं दुर्मीळ की रुग्णाच्या लघवीतून ते पुन्हा गाळून काढायचे आणि परत टोचायचे. रिसायकलिंगची हद्द! तरी साठा संपला आणि पोलीस वाचला नाही. पुढे 1958 पासून फ्लेचर बीबीसीवर टीव्ही शो करायला लागले. आणि फावल्या वेळात म्हणावं तसं लंडनच्या 792 नोकरदार पुरुषांची फुंकर आठ वर्षं मोजत राहिले.

त्यातून 1977 मध्ये रिचर्ड पेटो यांच्यासोबत जो आलेख काढला, तो आजही छातीच्या डॉक्टरांना तोंडपाठ असतो. सांगतो काय? वयानुसार सगळ्यांचीच फुंकर घटते, पण काही सिगारेटवाल्यांची ती जिना उतरावी तशी नाही, लिफ्टने उतरते. मात्र सिगारेट सोडली की गेलेलं परत येत नसलं, तरी लिफ्ट थांबते आणि पुन्हा जिना सुरू होतो. पन्नाशीत सोडली तरी फायदा! 'आता सोडून काय उपयोग' म्हणणाऱ्या काकांना हा आलेख फॉरवर्ड करा.

पण थांबा. सिगारेटला हातही न लावणाऱ्यांचं काय?

इथे एंट्री पुण्याची! चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये जगाला सांगितलं, की सीओपीडी धूम्रपान न करणाऱ्यांनाही गाठतो, आणि मोठ्या प्रमाणात गाठतो. चुलीतला धूर, शेण्या, लाकडं. जगात सिगारेट ओढणारे सुमारे शंभर कोटी, तर असला धूर पिणारे तीनशे कोटी! आपल्या आज्यांनी जन्मभर फुंकणी फुंकली. स्पायरोमीटरची प्रॅक्टिस म्हणाल तर रोजची, फक्त धूर उलटा त्यांच्याच छातीत यायचा.

साळवींच्याच चमूचा आणखी एक भन्नाट उद्योग. एकाच दिवशी देशातल्या 880 शहरा-गावांतल्या हजारो डॉक्टरांकडे आलेल्या दोन लाखांहून जास्त पेशंटांची नोंद केली. निम्म्याहून जास्त लोकांची तक्रार श्वसनसंस्थेची! म्हणजे वेटिंग रूममध्ये बसलेल्या दर दोघांतला एक खोकतोय. (दुसरा त्याच्याकडे रागाने बघतोय.)

माहीत आहे का, एक मच्छर कॉइल किती सिगारेटींच्या बरोबरीची? 2003 च्या एका अभ्यासानुसार तिच्यातून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके! डास मरतो की नाही हा वेगळा प्रश्न, पण खोलीतलं वातावरण मात्र मैफिलीचं होतं.

बरं, मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावता ना? 1960 च्या दशकात संशोधकांनी तेच पपईतलं पपेन उंदरांच्या फुप्फुसात सोडलं. आतले फुगे विरघळून गेले आणि एम्फिसीमा (सीओपीडीतला फुगे नष्ट होण्याचा प्रकार) तयार! जवळपास त्याच सुमाराला, 1963 मध्ये, स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन रक्ताच्या 1,500 नमुन्यांच्या पट्ट्या न्याहाळत होते. पाच पट्ट्यांवर एक रेघ गायब. शोध घेतला, तर त्या पाचांतल्या तिघांना एम्फिसीमा! गायब होतं ते अल्फा-1 अँटिट्रिप्सिन, म्हणजे फुप्फुस 'शिजू' न देणारा बॉडीगार्ड. दोन टोकांच्या दोन गोष्टी जोडल्या आणि या आजाराचं अर्धं कोडं सुटलं. पपई निर्दोष आहे, बिनधास्त खा. फक्त हुंगू नका.

आता औषधांकडे. बरीचशी आधी दम्यासाठी आली, मग सीओपीडीतही शिरली. नंबर एक: धोतरा! होय, महादेवाला वाहतो तोच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासहून एका इंग्रज जनरलने दम्यावर धोतरा ओढायची युक्ती ब्रिटनमध्ये नेली आणि तिकडे दम्याच्या सिगारेटींची फॅशनच आली. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रुस्तही त्या ओढायचा. दम्यावर सिगारेट, म्हणजे आगीवर रॉकेल! पण हसू नका. धोतऱ्यात अॅट्रोपिन असतं आणि नळ्या सैल करायचं काम ते खरंच करतं. अडचण एकच: डोकंही सैल करतं. मग केमिस्टांनी रेणूला अशी वेसण घातली की तो मेंदूपर्यंत सहजी पोचणारच नाही. त्या घराण्यातली इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम आज जगभरच्या पंपांत आहेत. धोतऱ्याचे हे शहाणे नातू!

नंबर दोन: चहा-कॉफी. दमेकऱ्याला कडक कॉफी पाजा, असं हेन्री सॉल्टर हा डॉक्टर 1860 च्या सुमाराला सांगत होता. कॅफिनचं चुलतभावंड थिओफायलिन 1888 मध्ये चहाच्या पानांतच सापडलं आणि पुढे दशकानुदशकं गोळ्यांतून दिलं गेलं. मग 2018 मध्ये ब्रिटनमधल्या सीओपीडीच्या दीड हजारांवर रुग्णांवर त्याचा कमी डोस तपासला. निकाल? ढिम्म. कप तेवढा गोड लागला!

नंबर तीन तर फिल्मी आहे. 1955, अमेरिका. दम्याने बेजार तेरा वर्षांची सूझी वडिलांना विचारते, "माझं औषध हेअर स्प्रेसारखं डब्यात का नाही मिळत?" वडील जॉर्ज मेसन, रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख! अत्तराच्या बाटलीचा व्हॉल्व्ह उचलला, मोजून फवारा मारेल असा बसवला आणि वर्षभरात पहिला खिशातला पंप बाजारात. पोरीच्या एका हट्टाने ब्यूटी पार्लर थेट फार्मसीत आलं.

पण पंप हातात असणं आणि पंप ओढता येणं यात जमीन-अस्मानाचं अंतर. 1975 ते 2014 या चाळीस वर्षांतले अभ्यास एकत्र पाहिले, तर तंत्र अचूक असणारे जेमतेम 31 टक्के! चाळीस वर्षांत सुधारणा? जवळपास नाहीच. काही महाभाग तर पंपात घालायची कॅप्सूल सरळ पाण्याबरोबर गिळतात. इतके, की 2008 मध्ये अमेरिकेच्या एफडीएला 'कृपया गिळू नका' असं जाहीर सांगावं लागलं. फुप्फुसाचं पार्सल पोटाच्या पत्त्यावर!

चाचण्यांचा ड्रामा बघायचाय? 'टॉर्च' ट्रायल, 2007. सहा हजारांवर रुग्ण, 42 देश, तीन वर्षं. प्रश्न: एकत्रित इनहेलरने जीव वाचतो का? प्लासिबो गटात 15.2 टक्के मृत्यू, औषधाच्या गटात 12.6. टाळ्या! पण संख्याशास्त्राचा अंपायर मधे आला. पास व्हायला पी-व्हॅल्यू (योगायोगाचा संशय मोजणारा आकडा) 0.05 च्या आत पाहिजे होती, आली 0.052. शेवटच्या चेंडूवर बॅट क्रीजच्या केसभर अलीकडे. थर्ड अंपायर अजून वाद घालतायत.

आणि ज्याने निर्विवाद बाजी मारली तो अभ्यास किती मोठा होता? फक्त 87 रुग्णांचा! 1981 मध्ये ब्रिटनमध्ये रक्तात ऑक्सिजन फार कमी असलेल्या लोकांना रोज किमान 15 तास ऑक्सिजन दिला. पाच वर्षांत ऑक्सिजनवाल्या 42 पैकी 19 दगावले, बाकीच्या 45 पैकी 30. मात्र ऑक्सिजन मध्यम प्रमाणातच कमी असेल तर? 2016 च्या अमेरिकी ट्रायलमध्ये 738 रुग्णांना फायदा दिसला नाही. सिलिंडर म्हणजे टॉनिक नव्हे, राव.

सर्जन तर अजबच. दम लागतोय? मग फुप्फुस थोडं कापू! 2003 च्या नेट ट्रायलमध्ये 1,218 रुग्ण होते. वरच्या भागात खराबी आणि चालायची ताकद कमी अशा निवडक लोकांना कापल्यावर खरंच मोकळं वाटलं, ते जास्त जगलेही. फुगून बसलेला भाग काढला की चांगल्याला जागा मिळते. पुन्हा आपली लोकल!

सुपरफास्ट बुलेटिन: या आजाराच्या जागतिक मार्गदर्शक संस्थेचं नाव 'गोल्ड', प्रश्नावलीचं नाव 'कॅट'. मांजरीचे प्रश्न आठ, मार्क चाळीस, आणि इथे कमी मार्क म्हणजे हुशार! गोल्डवाल्यांनी 2023 मध्ये रुग्णांचे गट बदलले, तर ए, बी नंतर थेट ई. सी आणि डी? विलीनीकरण झालं! 2024 मध्ये अमेरिकेत सीओपीडीसाठी मंजूर झालेलं पहिलं बायोलॉजिक इंजेक्शन, डुपिलुमॅब, आधी एक्झिमाच्या खाजेसाठी आलं होतं. आणि डेन्मार्कमध्ये 270 रुग्णांना दहा आठवडे एकतर व्यायाम दिला, नाहीतर गाणं. चालण्याच्या परीक्षेत गाणारे व्यायामवाल्यांच्या मागे पडले नाहीत. बाथरूम सिंगरहो, छाती फुगवा!

सगळ्यात लाडका प्रयोग मात्र शेवटी राखून ठेवला होता. प्रश्न असा: चेहऱ्यावर वारा घेतला की धाप कमी होते का? आपल्या आजीला विचारलं असतं तर तिने पंखा हलवत 'व्हय' म्हणून सांगितलं असतं. पण संशोधकांना कंट्रोल ग्रुप हवा! मग 2010 च्या ब्रिटिश अभ्यासात पन्नास जणांच्या हातात बॅटरीवरचा छोटा पंखा दिला. पाच मिनिटं चेहऱ्यावर वारा आणि पाच मिनिटं... पायावर. पन्नास दमलेली माणसं गंभीर चेहऱ्याने स्वतःच्या पोटरीला वारा घालतायत, आणि समोर कोणीतरी पेन घेऊन विचारतंय, "आता कसं वाटतंय?"

चेहरा जिंकला.