दिवा लागेना, बॅटरी बदलून पाहिली!

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. चंद्रपुरात लेकीचा क्लास आटोपून आम्ही दोघी स्कूटीवर ऊर्जानगरकडे निघालो होतो. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे सहालाच अंधारून येतं. तुकूम मागं पडलं, दुकानांचा झगमगाट सरला आणि लक्षात आलं, की अरे, समोर उजेडच पडत नाहीये! बटण दाबलं, पुन्हा दाबलं. अप्पर नाही, डिप्पर नाही. हॉर्न मात्र खणखणीत, इंडिकेटरही लुकलुकत होते.

"आई, थर्मलमध्ये एवढी वीज बनते अन् आपल्याच गाडीत नाही?" लेक मागून म्हणाली. हसू यायची वेळ नव्हती, पण आलं. 2920 मेगावॉटचं वीज केंद्र आमच्या उशाशी, आणि आम्ही मायलेकी अंधारात.

ज्यांनी हा परिसर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ताडोब्याचं जंगल इथून फार लांब नाही. वीज केंद्राच्या आवारातल्या झुडपांत वाघ, बिबटे दिसणं ही काही अप्रूपाची बातमी राहिलेली नाही. 2022 च्या फेब्रुवारीत तर वीज केंद्राच्या परिसरात वाघानं एका कामगाराचा जीव घेतला आणि पाठोपाठ दुर्गापुरात बिबट्यानं एका सोळा वर्षांच्या मुलाला नेलं. तेव्हापासून संध्याकाळी पोरं खेळून घरी येईस्तोवर इथल्या आयांचा जीव थाऱ्यावर नसतो. त्यामुळे दिवा गेला म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर वाघच उभा राहिला.

एका पानठेल्याच्या उजेडात गाडी लावली. यांची सेकंड शिफ्ट, म्हणजे रात्री दहापर्यंत फोन लागला तरी येणार कोण? तेवढ्यात एक ऑटोवाले भाऊ थांबले. "काय झालं जी ताई? माह्या मागं मागं या, मी हळू हळू नेतो." लेकीनं मोबाईलचा टॉर्च समोर धरला आणि आम्ही ऑटोच्या मागं मागं घरी पोहोचलो. त्या भावांचं नावही विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी घरात निदान झालं: बॅटरी गेली! थंडीत सेल्फ जरा कुरकुरत होताच, त्यामुळे मलाही पटलं. बाराशे रुपयांची नवी बॅटरी बसली. सेल्फ एकदम झकास. आणि दिवा? तो जसाच्या तसा बंद!

मग गाडी नेली ओळखीच्या मिस्त्रीकडे. त्यांनी आधी स्टँडवर लावून गाडी सुरू केली आणि समोर न बघता मागं जाऊन उभे राहिले. "मागचाबी लाल लाईट लागून नाही राहिला ताई. दोन्ही बल्ब एकाच टायमाला कायले जातीन?" मी म्हटलं, अहो, मागचा तर लागतो, मी ब्रेक दाबून पाहिला होता. तर म्हणाले, ब्रेकचा दिवा वेगळा, तो बॅटरीवर. माझ्यासारख्या जुन्या स्कूटीत हेडलाईट आणि मागचा बारीक लाल दिवा बॅटरीवर चालतच नाहीत. इंजिन फिरलं की मॅग्नेटो फिरतो, त्यातून वीज तयार होते आणि ती थेट या दिव्यांना जाते. रेस दिली की उजेड वाढतो आणि गाडी सिग्नलला उभी राहिली की दिवा मलूल होतो, तो त्यामुळेच. हॉर्न, इंडिकेटर, सेल्फ हे बॅटरीचं खातं. म्हणजे हॉर्न वाजत होता तेव्हाच मला कळायला हवं होतं, की बॅटरी बिचारी निर्दोष आहे! पंचवीस वर्षं पावर हाऊसच्या कॉलनीत राहून, टर्बाईन फिरलं की वीज होते हे रोज ऐकून, मला हे ठाऊक नव्हतं. (बाराशे रुपयांचा विषय घरात अजून निघतो.)

मिस्त्रींनी हॅण्डल पूर्ण डावीकडं वळवलं आणि दिवा भपकन लागला! उजवीकडं नेलं, की गुल. हॅण्डलच्या मानेतून वायरांचा जो जुडगा जातो, त्यातली एक वायर वळून वळून आतून तुटली होती. वरचं प्लॅस्टिक शाबूत, त्यामुळे दिसेना. जोड दिला, टेप गुंडाळली, पन्नास रुपये घेतले.

घरी येताना मात्र माझ्या पोटात गोळा आला. त्या रात्री मी वाघाच्या भीतीनं समोर बघत होते आणि मागं आमचा लाल दिवाही बंद होता. या रस्त्यावर मागून येतात ते कोळशाचे ट्रक. लेकीनं टॉर्च समोर धरला होता, पण समोर तर ऑटो होता. तो मागं धरायला हवा होता.

म्हणून मैत्रिणींनो, दिवा लागला नाही तर आधी एवढं बघा. अप्पर लागतो आणि डिप्पर नाही, किंवा उलट, तर बहुधा बल्बच. एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, एक तुटली तरी दुसरी जळते, तेवढ्यावर सावकाश घर गाठता येतं. दोन्ही बंद असतील तर मागचा दिवा बघा. तो लागत असेल तर दोष पुढंच, बल्ब किंवा त्याच्या होल्डरमध्ये. पावसाळ्यात किंवा गाडी फवाऱ्यानं धुतल्यावर होल्डरच्या पिनांवर हिरवट थर चढतो, तो खरवडला की कधी कधी काम होतं. हॅलोजन बल्ब घालताना काचेला बोट लावू नका, कापडानं धरा. बोटाचं तेल काचेवर राहतं, तो भाग जास्त तापतो आणि बल्ब लवकर जातो. बल्ब वारंवार जात असतील तर बल्बवाल्याला नावं ठेवण्याआधी रेग्युलेटर तपासून घ्या. आणि "जास्त उजेडाचा टाकून देतो" म्हणून कुणी 35 वॉटच्या जागी 100 वॉटचा बल्ब सुचवला, तर नको म्हणा. वायर आणि स्विच वितळतात.

चारचाकीत एक दिवा गेला तर बल्ब, दोन्ही एकदम गेले तर फ्यूज किंवा रिले, असा साधारण हिशेब. फ्यूजच्या जागी सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे महाभाग अजून भेटतात. फ्यूज जळतो तो गाडी जळू नये म्हणून!

एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाकींना हेडलाईटचं बंद-चालूचं बटणच नाही. इंजिन सुरू झालं की दिवा लागतो. सुरुवातीला भरदुपारी येणारा-जाणारा प्रत्येक जण पंजा उघडमीट करून "लाईट सुरू आहे" सांगायचा, आठवतं? पण या गाड्यांचाही दिवा गेला तर दिवसा कळत नाहीच. शिवाय त्यातल्या बऱ्याच आता एलईडीच्या, त्यात बदलायला सुटा बल्ब नसतो. तिथं मिस्त्रीच गाठायचा.

नियम सांगतो, की सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं दिवे लागलेच पाहिजेत आणि समोरचं 155 मीटरपर्यंत दिसलं पाहिजे. कोळशाची धूळ बसलेल्या आमच्या काचांमधून ते किती दिसत असेल, देव जाणे! आता मी निघताना ओल्या फडक्यानं पुढची-मागची काच पुसते. लेक कंपाउंडच्या भिंतीवर उजेड पडतो का पाहते, मग मागं जाऊन "लाल आहे" असं ओरडते.

परवा शेजारच्या काकू आल्या. "बाई, माझ्या गाडीचा लाईट लागेना, बॅटरी टाकायला निघाले."

"थांबा काकू," मी म्हटलं, "आधी हॅण्डल डावीकडं वळवा बरं."