बँजो आणि गिटार: किरकोळ दुखणी

नांदेड-लातूरच्या मिरवणुकांत घुमणारा बँजो हा इलेक्ट्रिक गिटारचा भाऊबंदच. मूळ वाद्य जपानी ‘ताइशोगोतो’, जन्म १९१२, नागोया. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं आणि पिकअप बसल्यावर बँजो. बँजो आणि गिटार, दोघांच्या तक्रारीही सारख्या.

आवाज कमी-जास्त करताना खरखर झाली, तर नॉबखालच्या पॉटमध्ये धूळ आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा, बहुधा भागतं. केबल हलताच आवाज जात असेल, तर जॅकचा नट ढिला असतो. तो नुसता बाहेरून आवळू नका; आतला जॅक फिरून वायर तुटते. आधी आतून धरा, मग पाना लावा. घूंघूं तारांना हात लावल्यावर कमी होत असेल, तर तारांची अर्थ वायर शाबूत आहे. वाढत असेल, तर ती बहुधा तुटलेली. झटका बसला, तर मात्र वाजवणं तिथंच थांबवा. दोष अँप्लिफायरचा किंवा मंडपातल्या वायरिंगचा असतो आणि तो जिवावर बेततो.

पॉलिएस्टर फिनिशचा टवका उडाला, तर पातळ सुपरग्लू थेंबाथेंबानं भरा, पूर्ण वाळू द्या, मग १००० ते २००० नंबरच्या ओल्या वॉटर पेपरनं घासून पॉलिश करा. नायट्रोसेल्युलोज लॅकरची गिटार रबरी स्टँडवर ठेवू नका, डाग पडतो. आणि मे महिन्यात वाद्य बंद गाडीत अजिबात ठेवू नका: उन्हानं गोंद सुटतो, मान वाकते.