100 वर्षांपूर्वी आपल्या शहराचे फोटो पोस्टकार्डावरून परदेशात गेले, ते परत कसे आणायचे?

दिवाळीची साफसफाई सुरू असते. माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली येते. आत लग्नपत्रिका, जुनी बिलं, शाळेचे दाखले आणि त्या सगळ्यात दबलेलं एक जाडसर कार्ड. पुढे बीबी का मकबऱ्याचा फिकट फोटो, मागे कुणाचं तरी तिरकं इंग्रजी अक्षर. घरातलं कुणीतरी म्हणतं, "दे टाकून रद्दीत."

थांबा, टाकू नका. कारण हे साधं कार्ड नाही. याला म्हणतात चित्र पोस्टकार्ड, आणि जगभरात लोक ते शोधून शोधून जमवतात. या छंदाला 'डेल्टिऑलॉजी' असं भारदस्त नावही आहे. ग्रीक भाषेत 'डेल्टिऑन' म्हणजे लिहायची छोटी पाटी, त्यावरून ते आलं.

आधी फरक समजून घेऊ

आपल्याला आठवतं ते 50 पैशांचं पिवळं पोस्टकार्ड. ते सरकारचं. भारतात ते 1879 मध्ये पाव आण्याला मिळायला लागलं. चित्र पोस्टकार्ड मात्र खासगी प्रकाशक छापायचे. भारतात ती 1890 च्या दशकाच्या शेवटी दिसू लागली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्यांची अक्षरशः लाट आली. आज आपण फिरायला गेलो की स्टोरी टाकतो, तेव्हा लोक कार्ड टाकायचे.

मुंबईत क्लिफ्टन अँड कंपनीसारखे प्रकाशक होते. आपल्या मातीतले चित्रकारही यात होते. कोल्हापूरचे, जेजे स्कूलमध्ये शिकलेले एम. व्ही. धुरंधर यांनी काढलेली मुंबईच्या माणसांची चित्रं पोस्टकार्डांवर छापली गेली. बरीच कार्डं छापून यायची जर्मनीतून. 1914 ला पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तो धंदा बसला.

मग औरंगाबादचा नंबर कसा लागला?

कारण दोन गोष्टी. एक, रेल्वे. 1900 च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज लाईन सुरू झाली आणि वेरूळ, दौलताबाद बघायला येणं सोपं झालं. दोन, छावणी. शहर निजामाचं असलं तरी छावणीत फौज होती, इंग्रज अधिकारी होते. त्यांना घरी खुशाली कळवायची असायची.

म्हणजे बघा, कार्ड काढणारा बहुतेक बाहेरचा, विकत घेणारा बाहेरचा आणि ज्याला पोचायचं तोही सातासमुद्रापार. आपल्या शहराचे हे फोटो असे इंग्लंडमधल्या घराघरांतल्या अल्बममध्ये जाऊन बसले. आता त्या घरांतलं जुनं सामान विकायला निघतं, तेव्हा ही कार्डं ऑनलाईन लिलावात येतात.

शोधताना नाव चुकलं की कार्ड हुकलं

'छत्रपती संभाजीनगर' असं टाकून शोधलं तर जुनं कार्ड मिळायचं नाही, 'वेरूळ' टाकूनही नाही. कार्डावर इंग्रजीत छापलेलं असतं 'औरंगाबाद, डेक्कन' किंवा 'निजाम्स डोमिनियन्स'. वेरूळचं 'एलोरा' होतं, कधी एका 'एल'चं, कधी दोन. दौलताबादचं 'डौलताबाद' होतं. मकबरा तर कित्येकदा 'रबिया दुर्रानीची कबर' या नावाने सापडतो. रबिया दुर्रानी म्हणजेच दिलरास बानू, औरंगजेबाची बेगम. आणि हो, औरंगाबाद बिहारमध्येही आहे. पैसे भरण्याआधी कार्ड नक्की कुठलं ते बघा.

कार्ड किती जुनं, ते कसं ओळखायचं?

पहिली खूण, मागची बाजू. मधोमध उभी रेघ आहे का? सुरुवातीला मागे फक्त पत्ता लिहायची परवानगी होती. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता ही सोय ब्रिटनने 1902 मध्ये दिली, बाकीच्यांनी त्यानंतर. त्यामुळे कैलास लेण्याच्या फोटोवरच कुणी पेनाने लिहिलेलं दिसलं, तर ते कार्ड खराब झालं असं समजू नका. तेव्हा लिहायला दुसरी जागाच नव्हती. रेघ नसलेलं कार्ड बहुतेक वेळा जास्त जुनं.

दुसरी खूण, तिकीट. राणी व्हिक्टोरिया असेल तर साधारण 1902 च्या आधीचं, सातवा एडवर्ड असेल तर त्यानंतरच्या नऊ-दहा वर्षांतलं, पाचवा जॉर्ज असेल तर 1911 नंतरचं. शिक्क्यावरची तारीख वाचता आली तर प्रश्नच मिटला.

तिसरी खूण खास मराठवाड्याची. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं टपालखातं होतं, स्वतःची तिकिटं होती, पण ती चालायची फक्त संस्थानात. परदेशी जाणाऱ्या कार्डाला ब्रिटिश हिंदुस्थानचंच तिकीट लागायचं. म्हणून निजामाचं तिकीट लावलेलं चित्रकार्ड दिसलं तर समजा, ते संस्थानातल्या संस्थानात फिरलंय. 1931 मध्ये निजामाने चित्रांची तिकिटं काढली, त्यात आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठ्याचं प्रवेशद्वार होतं आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा चांदमिनार.

कार्डात काय नाही, तेही बघा

या कार्डांवर वेरूळ, मकबरा, दौलताबाद ही ठिकाणं पुन्हा पुन्हा येतात. साहेबाला जे 'बघण्यासारखं' वाटायचं ते. पण गुलमंडीतली गर्दी, हिमरू विणणारे कारागीर, आपल्या पणजोबांचं घर? ते कार्डावर येणं अवघडच. म्हणून कार्ड बघताना कडेला बघा. 52 दरवाजांच्या या शहरातला एखादा दरवाजा असेल, तर दोन्ही बाजूंची तटबंदी शाबूत आहे का? रस्त्यावर टांगा आहे की बैलगाडी? फोटोग्राफरला नको असलेला, चुकून चौकटीत आलेला माणूस कोण?

रंगावर मात्र लगेच विश्वास ठेवू नका. फोटो काळा-पांढरा असायचा, रंग नंतर भरायचे, आणि भरणाऱ्याने ती जागा पाहिलेलीच नसायची.

हा नुसता टाईमपास नाही. 2018 मध्ये लंडनच्या सोआसमध्ये मद्रास आणि बंगळूरच्या जुन्या पोस्टकार्डांचं प्रदर्शन भरलं होतं. ती शहरं कशी बदलत गेली, हे त्या कार्डांवरून मांडलं होतं. त्याच वर्षी उमर खान यांचं 'पेपर ज्वेल्स' हे भारतीय पोस्टकार्डांवरचं पुस्तक आलं. आपल्या शहराबद्दल असं काही करायचं, तर आधी कार्डं कुणीतरी एकत्र करायला हवीत.

फसू नका, आणि जपून ठेवा

जुन्या कार्डांच्या नकला बाजारात सर्रास मिळतात. भिंग घेऊन बघा. खरा फोटो कागदावर धुतलेला असेल तर ठिपके दिसत नाहीत. छापील कार्डात ठिपके असू शकतात, पण चकचकीत पांढऱ्या कागदावर निळे-गुलाबी-पिवळे ठिपके दिसले तर सावध व्हा. किंमत ठरते ती ठिकाण, दुर्मीळपणा आणि कार्डाची अवस्था यावर. लिहिलेलं कार्ड कोऱ्यापेक्षा कमी प्रतीचं, असं अजिबात नाही. गोष्ट तर त्या लिहिण्यातच असते.

कार्ड लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. स्वस्तातल्या पीव्हीसीच्या पाकिटाऐवजी पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट घ्या. नोंद करायची तर पेन्सिलने, हलक्या हाताने. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. आणि दोन्ही बाजूंचा स्कॅन करा. बरेच जण फक्त पुढची बाजू स्कॅन करतात आणि अर्धी माहिती तिथेच जाते.

परदेशातल्या लिलावात बोली लावणं प्रत्येकाला परवडणार नाही. पण माळ्यावरची पेटी उघडायला पैसे लागत नाहीत. कार्ड सापडलं तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर ठेवा आणि विचारा, "हे कुणाला आलं होतं?" उत्तर मिळालं तर त्याच दिवशी लिहून ठेवा. कार्ड अजून शंभर वर्षं टिकेल, सांगणारं माणूस टिकेलच असं नाही.