‘खाऊ’, ‘घास’ आणि ‘नको’ : बालभाषा व आहाराच्या सवयी

मुलांच्या आहाराचा विचार सामान्यतः वैद्यांनी करावा असा आपला समज आहे. तथापि मूल अन्नाबरोबर अन्नाविषयीचे शब्दही ग्रहण करीत असते, आणि तेवढ्यापुरता हा विषय भाषाभ्यासकाच्याही कक्षेत येतो. मराठी बालभाषेवर अशोक केळकर यांचा निबंध १९६४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बालभाषांची तुलना केली, तीतही मराठीचा समावेश होता. ‘मंमं’, ‘दुदू’ हे शब्द या भाषेतले.

‘खाऊ’ या शब्दाची गोष्ट मात्र निराळी. ‘खा’ या धातूशी नाते असल्यामुळे तो खाण्याजोग्या कोणत्याही पदार्थास लागावा. व्यवहारात तो पाहुण्यांनी आणलेल्या, आजोबांनी खिशातून काढलेल्या, बहुधा गोड वस्तूसच लागतो. पोळीभाजी हे ‘जेवण’. “भाजी संपव, मग खाऊ देते” या वाक्यात खरे वजन ‘मग’ या अव्ययाचे आहे. त्याच्या अलीकडे काम आणि पलीकडे वेतन, हे तीन वर्षांच्या मुलासही बिनचूक उमगते. अमेरिकेत लीॲन बर्च व सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, बक्षिसाच्या अटीवर जे पेय मुलांना प्यावे लागले त्याची आवड पुढे घटलेली दिसली. यास्तव हा ‘मग’ गाळावा. ‘खाऊ’ हा मायेचा शब्द आहे, तो टाकू नये. उकडलेले रताळे, पिकल्या पेरूची फोड यांनाही तो सढळपणे लावावा.

‘चिऊचा घास, काऊचा घास’ ही रीत मूल भुकेले असेतो गोडच आहे. पुढे मूल ‘नको’ म्हणते, तरी मामाचा एक, आत्याचा एक असे घास चालूच राहतात. ते सारे जातात मात्र बाळाच्याच पोटात! वस्तुतः हा ‘नको’ दोन अर्थांचा असतो. ‘पोट भरले’ हा पहिला. तेथे ताट उचलावे. काय व केव्हा वाढावे हे वडीलधाऱ्यांनी ठरवावे, किती खावे हे मुलाने. ‘हे ओळखीचे नाही’ हा दुसरा. तेथे वाद न घालता “ही दोडक्याची भाजी” असे नाव सांगून तीच भाजी चमचाभर पुन्हा काही दिवसांनी वाढावी. बर्च यांच्याच १९८२ सालच्या अभ्यासात दोन वर्षांच्या मुलांना अपरिचित पदार्थ जितक्या अधिक वेळा चाखावयास मिळाले तितकी त्यांची आवड वाढली होती.

मुलाचे वजन वाढत नसेल वा ते आजारी असेल, तर मात्र प्रश्न शब्दांचा राहत नाही. तेथे बालरोगतज्ज्ञांचाच सल्ला घ्यावा.