गुळाचे आधण व तापमान

गुऱ्हाळात गुळाची प्रत गुळव्याच्या हाती असते. काहिलीतील रस तापू लागताच मळी वर येते. रस खळखळून उकळण्यापूर्वीच ती काढावी. अन्यथा ती रसात मिसळून गूळ काळसर होतो. पुढे पाणी आटते तसतसे तापमान चढते. सुमारे १०५ अंश सेल्सिअसला काकवी होते, तर ११८ अंशांच्या सुमारास गुळाचे आधण उतरवितात. ते लवकर उतरविल्यास गूळ मऊ राहून पावसाळ्यात पाघळतो. उशीर झाल्यास पाक करपतो. म्हणून अखेरीस जाळ मंद करावा. थंड पाण्यात पाकाची गोळी वळून पाहण्याची रीत चांगलीच आहे. तिला तापमापकाची जोड द्यावी. वर्षभर जोपासलेल्या उसाचे मोल या काही क्षणांत ठरते, हे ग्रामसेवकांनी शेतकरी बंधूंस पटवून द्यावे.