कॅन्सरच्या रुग्णाने ग्रीन टी प्यावी का?

मुळशीतल्या नांदे गावी आपल्या वस्तीत कुणाला कॅन्सर झाल्याचे कळले, की भेटायला येणारा प्रत्येक जण एकेक उपाय सांगून जातो. हल्ली त्यात ग्रीन टी हमखास असते. किमो चालू असताना ती चालते का, असे विहारात आम्हाला बरेचदा विचारले जाते.

ग्रीन टी म्हणजे वेगळी वनस्पती नव्हे. आपण रोज उकळतो त्याच चहाच्या झाडाची ही पाने. तोडल्यावर लगेच उष्णता देऊन ती काळी पडू देत नाहीत, म्हणून त्यांत कॅटेचिन नावाची द्रव्ये जास्त राहतात. प्रयोगशाळेत ही द्रव्ये कॅन्सरच्या पेशींवर परिणाम करतात, पण माणसाचे शरीर म्हणजे काचेची बशी नव्हे. कोक्रेन या संस्थेने २०२० मध्ये १४२ अभ्यास तपासले. ग्रीन टीने कॅन्सर टळतो असा ठाम पुरावा मिळाला नाही. झालेला कॅन्सर तिने बरा होतो, हे तर कुणीच सिद्ध केलेले नाही.

खरी भीती कपाची नाही, कॅप्सूलची आहे. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांत हेच द्रव्य दाटून भरलेले असते. मुख्य कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त पोटात गेले तर यकृताला त्रास होऊ शकतो, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितले. किमोच्या अनेक औषधांचा भारही यकृतावरच असतो. त्यामुळे उपचार चालू असताना या गोळ्या नकोतच, कुणी कितीही "नैसर्गिक" म्हणो.

मायलोमा या कॅन्सरवर बोर्टेझोमिबचे इंजेक्शन देतात. २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगात ग्रीन टीतल्या द्रव्याने या औषधाचा परिणामच अडवला. ते इंजेक्शन चालू असेल तर ग्रीन टी बंद ठेवा आणि डॉक्टरांशी बोला.

रक्त कमी असल्याने लोहाची गोळी चालू असेल, तर चहा कुठलाही असो, मध्ये निदान एक-दोन तास जाऊ द्या. चहामुळे लोह अंगी लागत नाही. तोंड आले असेल तर चहा कोमट होऊ द्यावा. झोप लागत नसेल तर संध्याकाळनंतर नको.

उपचार संपल्यावर आवडत असेल तर एक-दोन कप खुशाल घ्या. बिनसाखरेची घेतली तर तेवढी साखर तरी वाचेल. पण महागड्या डब्यासाठी रुग्णाची अंडी, डाळ, शेंगदाणे कमी करू नका. अंगात ताकद त्यांनीच येते.

ससूनला किंवा टाटाला तपासणीला जाताना घरात चालू असलेला काढा, चूर्ण, गोळी, जे असेल ते पाकिटासकट पिशवीत घाला आणि डॉक्टरांना दाखवा. ते रागावतील म्हणून लपवू नका.