औषधाची चूक आणि शिक्षेची भीती

रुग्णालय हा डॉक्टरांचा विषय. कामगार संघटनेच्या माणसाने त्यात का पडावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. अमरावतीचे इर्विन रुग्णालय घ्या किंवा अकोल्याचे सर्वोपचार घ्या, तेथे खाटेवर पडलेला माणूस बहुधा कष्टकरी असतो, आणि त्याला औषध देणारी परिचारिकाही कष्टकरीच असते. औषधात चूक झाली की एकाचा जीव आणि दुसरीची भाकरी एकदमच टांगणीला लागते. म्हणून हा विषय आपलाही आहे.

आपल्या वऱ्हाडातलेच उदाहरण घेऊ. ३१ जानेवारी २०२१ रोजी, पल्स पोलिओच्या दिवशी, यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी या गावी १२ बालकांच्या तोंडात लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पडले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ती बरी झाली. लगोलग तिघांवर निलंबनाची कारवाई जाहीर झाली. त्यांत एक आशा सेविकाही होती. आशाला नियमित पगार नसतो. कामागणिक मोबदला मिळतो.

कारवाई होऊच नये, असे माझे म्हणणे नाही. त्या मुलांच्या आईबापांना जाब विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. परंतु निलंबनाने ‘दोषी कोण?’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मिळते. लसीच्या जागी दुसरी बाटली हाती आली कशी, हा प्रश्न तसाच राहतो. करोनाच्या साथीत सॅनिटायझर जवळ असणारच. मग त्याची जागा कोणती, लसीची कोणती, थेंब टाकण्यापूर्वी कुपीवरचे नाव मोठ्याने कोणी वाचायचे? हे ठरले नाही, तर माणसे बदलतील आणि चूक पुन्हा त्याच वाटेने येईल.

आमच्या जिनिंग-प्रेसिंगच्या धंद्यात यंत्रात हात सापडला की ‘मजूर बेसावध होता’ असे म्हणून मोकळे होण्याची रीत होती. १९४८ च्या कारखाने कायद्याने धोक्याच्या यंत्राला आड घालणे आणि गंभीर अपघाताची खबर सरकारला देणे बंधनकारक केले. माणूस दमतो, त्याचे लक्ष चुकते, हे धरूनच व्यवस्था उभारावी लागते. रुग्णालयात सारख्या दिसणाऱ्या कुप्या, सारख्या उच्चाराची नावे, न लागणारे अक्षर आणि एकाच परिचारिकेवर पडलेला सगळ्या वॉर्डाचा भार, ही सारी आड न घातलेली यंत्रेच होत. पोटॅशियम क्लोराईडचे तीव्र द्रावण पातळ न करता शिरेत गेले, तर हृदय बंद पडू शकते. म्हणून ते वॉर्डाच्या कपाटात इतर कुप्यांबरोबर ठेवू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आड घालणे म्हणजे हेच.

पण आड कोठे घालायचा, हे कळणार कसे? हातून चूक होता होता वाचली, हे ज्याला ठाऊक आहे त्याने सांगितले तरच. आणि सांगितल्यावर नोकरी जाणार असेल, तर कोण सांगेल? अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आपल्या चुका नासा या संस्थेला कळवतात. शिक्षेचा अधिकार तिच्याकडे नाही, आणि कळवणाऱ्याचे नाव ती गुप्त ठेवते. आपल्या देशातही २०१० मध्ये औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याचे केंद्र गाझियाबादला आहे. डॉक्टर, परिचारिका, इतकेच काय, रुग्ण स्वतःही त्याला कळवू शकतो. माहिती देणे म्हणजे दोष कबूल करणे नव्हे, असे त्याच्या नमुन्यावरच छापलेले आहे. हीच हमी औषधाच्या चुकीसाठी प्रत्येक वॉर्डात मिळाली पाहिजे.

मात्र संघटनेनेही एक पथ्य पाळावे. जो दारू पिऊन कामावर येतो, जो मुद्दाम नियम मोडतो किंवा चूक झाकण्यासाठी कागद बदलतो, त्याच्यासाठी मोर्चा काढू नये. पण जी परिचारिका रात्रपाळीत स्वतःहून येऊन ‘कुपी बदलली, रुग्णाकडे आधी पाहा’ असे सांगते, तिच्यामागे संघटनेने, डॉक्टरांनी आणि रुग्णाच्या नातेवाइकांनीही उभे राहिले पाहिजे. तिने वेळेवर तोंड उघडले, तरच त्या रुग्णावर उपाय करता येतो.